पळसखोरीचा जावई

सरकारी कागदांत त्या यंत्राचं नाव ‘गंधवाचक’ होतं, पण पळसखोरीच्या जंगलात कामाला असलेला एकही माणूस त्याला त्या नावानं ओळखत नव्हता. सगळे त्याला मुतारी म्हणत. भर बैठकीत वनरक्षक उठून "मॅडम, नाल्यावरची मुतारी बंद पडली" असं सांगत आणि मुंबईहून आलेले साहेब कानकोंडे होत. डॉ. रेणुका गुरनुले या जंगलाची पशुवैद्य. तिनं सुरुवातीला दोन-तीनदा दुरुस्ती करून पाहिली, मग नाद सोडला. तसं पाहिलं तर नाव काही खोटं नव्हतं.

वाघ आपल्या हद्दीवरच्या ठरावीक झाडांपाशी येतो, पाठ फिरवतो, शेपूट उभारतो आणि खोडावर पिचकारी मारतो. ती त्याची सही. मांजराच्या कुळात नराच्या लघवीबरोबर थोडेफार शुक्राणूही बाहेर पडतात. खोडाला बांधलेली वहाणेएवढी पेटी तो थेंब टिपायची, आतल्या भिंगाखाली धरायची आणि त्याचं चित्र थेट रेणुकाच्या टेबलावरच्या पडद्यावर पाठवायची. पूर्वी एवढ्यासाठी वाघाला बेशुद्ध पाडावं लागे, आठ-दहा माणसं लागत, त्यात एखादा वाघ दगावायचाही. आता वाघ स्वतःच चालत येऊन आपलं गुपित सांगून जात होता.

आणि ते गुपित वाईट होतं. पडद्यावर कुणाला दोन शेपट्या, कुणाचं डोकं चिंचोक्यासारखं चेपलेलं, कुणाची शेपटी मानेपाशीच मोडलेली. शंभरात जेमतेम दहा-बारा धड, तेही जागच्या जागी थरथरणारे. हे पाटलाचे शुक्राणू होते. पाटील हा पळसखोरीचा नर वाघ. चाल रुबाबदार म्हणून जिप्सीवाल्यांनी त्याला ते नाव ठेवलं होतं. राज्यभरातल्या पर्यटनाच्या फलकांवर त्याचं तोंड होतं. असा देखणा वाघ दहा जंगलांत शोधून सापडला नसता, आणि रेणुका पडद्याकडे बघत मनात म्हणायची, बाबा रे, तुझं सगळं दिसण्यातच गेलं.

दोष त्याचा नव्हता. जंगलाच्या एका अंगाला कोळशाची खाण, दुसऱ्या अंगाला उंच भिंतींचा द्रुतगती मार्ग, खाली काँक्रीटचा कालवा आणि उरलेल्या बाजूला नजर पोचेल तिथवर सौरपट्ट्या. तीस वर्षांत बाहेरून एकही नर आत आला नव्हता. पाटलाचा बाप आणि आई ही भावंडं होती. लाजरी नावाची वाघीण पाटलाची मुलगीही होती आणि नातही. इथली तरणी वाघीण माजावर आली की तिला घरचाच नर मिळे.

रेणुका लोकांना समजावताना चाव्यांचा दाखला द्यायची. शरीरातल्या प्रत्येक कुलपाच्या दोन चाव्या आपल्याजवळ असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एखादी चुकीची कापलेली असली तरी दुसरीनं काम भागतं. पण आई-बाप एकाच घरातले असले, तर दोन्ही चाव्या त्याच बिघडलेल्या साच्यातून निघतात आणि कुलूप उघडतच नाही. शुक्राणू घडवायला अशी शेकडो कुलपं उघडावी लागतात, म्हणून घराणं बुडायची पहिली खूण तिथे दिसते. बाहेरून वाघ धडधाकट असतो. डरकाळी तीच, पंजा तोच. फक्त पाळणा हलत नाही. पाच वर्षं पळसखोरीत एकही बछडा जन्मला नव्हता.

उपाय एकच होता, बाहेरचा नर आणणं. कृत्रिम रेतनाचे प्रयोग प्राणिसंग्रहालयांत करून झाले होते, रानातल्या वाघिणीवर ते कधी साधले नव्हते. कुठलंही जंगल आपला धडधाकट नर द्यायला तयार नव्हतं, कारण सगळ्यांचीच थोड्याफार फरकानं हीच गत होती. सहा वर्षं रेणुकानं दारोदार पदर पसरला, तेव्हा कुठे ओडिशाच्या सीमेवरून एक नर मिळायचं ठरलं. पण गाव आडवं आलं.

गाव तिचंच होतं. ग्रामसभेत लोक भडकले होते. "इथल्या वाघाले आमची सवय आहे, आम्हाले त्याची. हा कोण कुठचा? माणसं खाल्ली तर?" समोरच्या घरातल्या मंदाकाकूचा मुलगा भोजराज जिप्सी चालवायचा, तो सगळ्यांत पुढे होता. रेणुकानं चाव्यांचं सांगून पाहिलं, कुणी ऐकेना. शेवटी ती वैतागून म्हणाली, "आपण आपल्या पोरी घरातल्या घरात देतो का हो? गाव सोडून, कूळ सोडून, परका पोरगा बघतोच ना? मग लाजरीनं काय पाप केलं? वाघ म्हणू नका त्याला. जावई म्हणा. जावई येतोय आपल्या गावाला."

सभेत हशा उसळला. हुंडा किती, मानपान कोण करणार, असल्या चेष्टा सुरू झाल्या, आणि हसत हसत हात वर झाले. सगळ्यांत मोठ्यानं हसत होती रेणुकाची आई, कुंदाबाई. तिच्या शेजारी मंदाकाकू बसली होती. दोघींची घरं समोरासमोर, दोघी एकाच साली या गावात लग्न होऊन आलेल्या.

घरी आल्यावर आई म्हणाली, "तुह्या पायी नाही भेटला तर वाघाच्या पायी तर भेटला मले जावई." रेणुकाचं लग्न दोन वर्षांत मोडलं होतं, त्याला पंधरा वर्षं होऊन गेली होती. आईच्या बोलण्याला धार नव्हती. तरी रेणुकाला लागायचं ते लागलंच.

जावई आला. अंगानं पाटलापेक्षा थोडा लहान, पण तरणा आणि अंगात रग असलेला. त्याच्या गळ्यात पट्टा होता, तो कुठे फिरतो ते पट्ट्यावरून कळायचं. पहिल्याच महिन्यात त्यानं पाटलाला फोडून काढलं आणि खाणीकडच्या कोपऱ्यात रेटलं. त्याच आठवड्यात नाल्यावरच्या मुतारीनं त्याचं पहिलं चित्र पाठवलं. सरळ, सुटसुटीत, जत्रेला निघाल्यासारखे धावणारे शुक्राणू. रेणुकानं परिक्षेत्र अधिकारी उत्तम सिडाम यांना ओढत आणून पडदा दाखवला. सिडामसाहेब अबोल माणूस. ते पडद्याजवळ वाकून बघू लागले आणि म्हणाले, "मॅडम, पेढे मी आणतो." रेणुकाला त्या दिवशी खरोखर रडू आलं.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार छप्पन साली, ज्येष्ठ अधिक आला. धोंड्याचा महिना. ज्या घरी जावई त्या घरी त्याला बोलावणं, कपडे, पुरणाचे धोंडे, तेहतीस अनारशांचं वाण. ऊन मी म्हणत होतं, तेंदूपत्ता तोडून दमलेली माणसं संध्याकाळी जावयांची सरबराई करत होती.

महिना लागून दहा-बारा दिवस झाले आणि पट्ट्याच्या नकाशावरून रेणुकाच्या लक्षात आलं की जावई दिवेलागणीला रोज एकाच जागी येतोय. गावाच्या वेशीवर, वाघदेवाच्या ठाण्यापाशी. तिला वाटलं, नाल्यातला डोह आटत नाही म्हणून येत असेल. तरी मनाला खुटखुट होती. एका सकाळी ती एकटीच तिथे गेली. शेंदूर फासलेल्या देवाच्या पुढ्यात पितळी ताट होतं, निरांजन होतं, पळसाच्या पानावर अनारशांचा चुरा होता. जरा पलीकडे सुकलेलं रक्त, आणि झुडपात बकऱ्याचं शिंग.

ती तशीच घरी गेली. आई आणि मंदाकाकू ओसरीवर तांदूळ निवडत होत्या.

"हे काय केलं तुम्ही?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. लपवावंसं त्यांना काही वाटलंच नव्हतं. "अधिकात जावई दारात येते अन् त्याले उपाशी ठेवाव काय?" आई म्हणाली. "तूच म्हणाली न जावई? साऱ्या गावापुढे म्हणाली."

"पुरण तो खाते काय, म्हणून बकरा देला," मंदाकाकू हसत म्हणाली. "साऱ्या बायांनी मिळून देला व. एकीच्यानं कुठं झेपते? चार झाले आतालोक. किती शांत येते माहीत आहे? आम्ही दूर गोठ्यावरून पाहतो. खाते, बसते, चालला जाते. पोटच्या पोरावानी."

वाघाला माणसाच्या हातचं खाणं मिळालं की तो माणसाला अन्नाशी जोडतो, हे तिनं या बायांना कधी सांगितलंच नव्हतं. सांगायची गरज पडेल असं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. तिनं त्यांना जावई दिला होता आणि जावयाचं काय करायचं असतं हे त्यांना तिच्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

नियम स्पष्ट होता. आमिषाला लागलेला वाघ ताबडतोब पकडायचा आणि पिंजऱ्यात टाकायचा, जन्मभरासाठी. त्याला पुन्हा रानात सोडायचं नाही. तिनं एक फोन सिडामसाहेबांना केला की झालं. पण त्याच आठवड्यात लाजरी माजावर आली होती. जावई दिवसा तिच्याबरोबर फिरत होता, दोघांचं सूत जुळलं होतं. पाच वर्षांत पहिल्यांदा. अजून थोडे दिवस दोघांना एकत्र मिळाले तर ती गाभण राहील. आज त्याला उचललं तर दुसरा नर मिळायला आणखी सहा वर्षं, आणि तोवर लाजरीचं वय निघून जाईल.

"उद्यापासून बंद," रेणुका म्हणाली. "एक दाणासुद्धा टाकायचा नाही. आणि हे कुणाला बोलायचं नाही. बाकीच्यांनाही सांगा. माझी शपथ आहे, आई."

"बोललं तर काय होईन?"

"त्याला नेतील."

आईनं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. "नाही बोलत," ती म्हणाली. मंदाकाकूनंही मान हलवली. रेणुका कामावर परतली. फोन तिनं दोनदा हातात घेतला आणि दोनदा ठेवून दिला. थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे, ती स्वतःला सांगत राहिली. पट्ट्यावरून रोज बघता येईलच. ठाण्याकडे माणसं जाऊ नयेत म्हणून तिनं एक वनरक्षकही वेशीवर बसवला, रानडुकरांचं निमित्त सांगून.

पण तो बसायचा संध्याकाळी. मंदाकाकू गेली भर दुपारी. ताट तिचं होतं, माहेरचं, आणि वाण बंद झालं तर ताट उघड्यावर कशाला, म्हणून ती आणायला गेली. वाघ दिवेलागणीला येतो हे तिनं स्वतः पाहिलेलं होतं. त्या दिवशी तो आधीच येऊन ठाण्यामागच्या सावलीत बसला होता. दोन दिवस त्याला तिथे काही मिळालेलं नव्हतं. ती निरांजन उचलायला वाकली.

भोजराजला ती संध्याकाळी सापडली.

पुढचं सगळं कायद्यानं झालं. जखमांतली लाळ तपासली, ती जावयाची निघाली. गाव पेटून उठलं. पिंजऱ्यात नेण्यासाठी जावयाला बेशुद्ध करायची सुई रेणुकालाच मारावी लागली, कारण त्याच्या जवळ जाऊन नेम धरणारं दुसरं कुणी नव्हतं. सुई लागल्यावर तो पळाला नाही. ठाण्यापाशीच दोन पावलं चालला, खाली बसला आणि तिच्याकडे बघत आडवा झाला. तिला त्याचा राग येईना. राग यायला हवा होता असं तिला वाटलं, मंदाकाकूनं तिला अंगाखांद्यावर खेळवलं होतं.

चौकशीत सिडामसाहेबांनी विचारलं, "मॅडम, वाघाला खायला घालतात हे तुम्हाला कधी समजलं?"

खोलीत आई होती. तिनं आधीच कबूल केलं होतं की सगळं तिनंच सुचवलं, बाकीच्या बायांना तिनंच जमवलं. रेणुकानं आईकडे पाहिलं नाही.

"काकू गेल्यावर," ती म्हणाली.

सिडामसाहेबांकडेही पट्ट्याचा नकाशा होता. त्यांनी तो वर काढला नाही. ते फक्त "बरं" म्हणाले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. आई खाली मान घालून बसली होती. तिनं लेकीला खोटं पाडलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

तेव्हापासून समोरचं दार कुंदाबाईसाठी बंद झालं. भोजराज तिला मोठीमाय म्हणायचा. तेराव्याला ती भाकर-भाजी घेऊन गेली, तर त्यानं उंबऱ्यातून टोपली परत केली. "तू जावयाले जेवू घातलं न मोठीमाय? माह्या मायले घातलं त्याले." एवढंच तो बोलला. आई टोपली घेऊन परत आली आणि ओसरीवर बसून राहिली. गावातल्या ज्या बायांनी बकऱ्याला हातभार लावला होता, त्याही तिच्याकडे येईनाशा झाल्या. आई कुणाला दोष देत नव्हती. ती फक्त रेणुकाला अधूनमधून एकच विचारायची, "लाजरी राहिली काय व?"

राहिली होती. आषाढातच पोट दिसायला लागलं. पावसाळा सरता सरता लाजरीनं खडकाच्या कपारीत दोन पिल्लं घातली. रेणुकानं पहिलं चित्र आईलाच दाखवलं. आईनं चष्मा लावला, फोन जवळ धरला, लांब धरला. "मंदाचा जीव परत घेऊन आले," ती म्हणाली आणि मंदाकाकू गेल्यापासून पहिल्यांदा रडली. मग रोज सकाळी विचारायची, दूध पिते का, डोळे उघडले का, नर का मादी. त्या दोन पिल्लांवर ती दिवस ढकलत होती. रेणुकाही त्याच्याच बळावर झोपत होती. काकूचा जीव परत येणार नव्हता, पण त्या थोड्या दिवसांच्या मौनाचं काहीतरी झालं होतं. ते जिवंत होतं आणि कपारीत खेळत होतं.

तिला भीती पाटलाची होती. जावयाच्या सह्या पावसानं धुऊन निघाल्या होत्या आणि पाटील खाणीकडून हळूहळू परत सरकत होता. नर वाघ दुसऱ्याची पिल्लं ठेवत नाही. ती मारली की वाघीण पुन्हा माजावर येते आणि त्याची होते. त्याचं बीज धरत नाही हे त्याला कुठे माहीत असतं. रेणुकानं वरच्या साहेबांना लिहिलं, भेटून सांगितलं, पिल्लं मोठी होईपर्यंत पाटलाला पकडून ठेवा. साहेब म्हणाले, "अहो मॅडम, एक वाघ तुम्ही आत्ताच घालवला. आता पाटील? दिवाळीचं सगळं बुकिंग त्याच्या नावावर आहे." मनात आणलं असतं तर तिनं त्यालाही सुई मारली असती. परवानगीशिवाय मारायची तिची हिंमत झाली नाही.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात वनरक्षकाचा निरोप आला. रेणुका कपारीपाशी पोचली तेव्हा लाजरी तिथे नव्हती. दोन्ही पिल्लं होती. एकाची मान मोडलेली, दुसऱ्याचं अर्धं अंग उरलेलं. दोन्ही माद्या होत्या. ओल्या मातीत पाटलाचे पंजे उमटलेले होते, मोठे, ऐटबाज. रेणुका तिथेच दगडावर बसली. सिडामसाहेब मागून आले, त्यांनी टोपी काढली आणि ते पंचनाम्याच्या तयारीला लागले. रेणुकानं फोनवर फोटो काढले, ते तिचं काम होतं.

ती घरी आली तेव्हा आई अंगणात सडा घालत होती. आईनं हात पुसले आणि नेहमीसारखं विचारलं, "कशी आहेत पोरं?"

रेणुकानं हातातला फोन मागे घेतला. आईचं तोंड एकदम उतरायला लागलं. मंदाकाकू गेल्याच्या दिवशी ते असंच उतरलं होतं, आणि ते पुन्हा बघणं रेणुकाला सोसलं नसतं.

"बरी आहेत," ती म्हणाली. "दोन्ही मुली आहेत. मोठ्या होताहेत."

"पोरी?"

"हो."

आईनं खोल श्वास घेतला. तिनं बादली भिंतीशी ठेवली, पदर सारखा केला, चपला पायात सरकवल्या. "मंग मी भोजराजले सांगून येतो," ती म्हणाली. "आता आयकून घेईन तो. दोन पोरी झाल्या म्हणून सांगतो."

"आई, आता नको. उद्या जा."

"किती दिवस नको म्हणू व? सणाचे दिवस आहेत."

रेणुकानं आईचा दंड धरला होता. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं, पण त्या वाक्यापाठोपाठ दुसरं सांगावं लागलं असतं, आणि मग तिसरं, पार चौकशीच्या खोलीपर्यंतचं. तिची बोटं सैल झाली. आई रस्ता ओलांडून गेली आणि समोरच्या बंद दारावर तिनं थाप मारली.

दार उघडायला वेळ लागला. भोजराज उंबऱ्यात उभा राहिला, दोन्ही हात चौकटीला लावून. आईचं बोलणं रेणुकाला अंगणातूनही स्पष्ट ऐकू येत होतं, कारण आई मोठ्यानं बोलत होती, साऱ्या गल्लीनं ऐकावं अशी.

"तुह्या मायचा जीव फुकट नाही गेला, बापा. लाजरीच्या दोन्ही पोरी जित्या आहेत. रेणू आत्ताच पाहून आली."

भोजराजनं आईच्या खांद्यावरून पलीकडे रेणुकाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. रेणुकानं मान हलवली, हो म्हणून.

मग त्यानं चौकटीवरचे हात काढले आणि बाजूला झाला. "ये मोठीमाय," तो म्हणाला. "आत ये."